द्राक्षं, कासव, दूध: ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मधली प्रतीकं कशी वाचायची

जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’चं तिसरं प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचं आहे आणि त्यात एक कासव रस्ता ओलांडतं. बस, एवढंच. जोड (Joad) आडनावाच्या ज्या कुटुंबाची ही कादंबरी, त्यातलं कुणीही तिथे नाही. सहज वाचणारे हे प्रकरण चाळून पुढे जातात. परीक्षेसाठी वाचणारे समासात ‘कासव = स्थलांतरित’ असं लिहितात आणि तेही पुढे जातात. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते: कासवाच्या पायात अडकलेलं ओटचं कणीस.

प्रतीक म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभं राहणं, ही शाळेतली व्याख्या इथे तोकडी पडते. स्टाइनबेककडे वस्तू आधी वस्तू असते आणि तिला गोष्टीत काहीतरी काम असतं. शंभर पानांनी ती पुन्हा येते तेव्हा माणसांची परिस्थिती बदललेली असते, त्यामुळे तिचा अर्थही सरकलेला असतो. हे सरकणं पकडता आलं की कादंबरीची बांधणी दिसायला लागते. समासातल्या बरोबरच्या खुणेत ते पकडता येत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर अशी. कादंबरी १४ एप्रिल १९३९ रोजी प्रसिद्ध झाली आणि १९४० मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याआधी १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये स्टाइनबेकने ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’साठी कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित शेतमजुरांवर लेखमाला लिहिली होती. त्यासाठी तो मजुरांच्या वस्त्यांमधून हिंडला. आर्विनच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याने त्याला या लोकांचं जगणं जवळून दाखवलं, आणि कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत पत्नी कॅरलबरोबर त्याचंही नाव आहे. म्हणजे पुस्तकातली ‘मजूर हवेत’ सांगणारी फाटकी हँडबिलं, पत्र्याच्या झोपड्या, पीचच्या पेटीमागे मिळणारे पाच सेंट या सगळ्याला पायाखालची जमीन आहे. प्रतीकं या जमिनीतून वर येतात, म्हणूनच ती चिकटवलेली वाटत नाहीत.

गोष्ट सरळ आहे. ओक्लाहोमातल्या सॅलिसॉजवळ खंडाने जमीन कसणारं जोड कुटुंब बेदखल होतं. मोडकी हडसन गाडी कापून तिचा ट्रक करायचा, हायवे ६६ धरायचा आणि कॅलिफोर्निया गाठायचं, असं ठरतं. तिथे कामापेक्षा हात जास्त, म्हणून मजुरी घसरत जाते. वाटेत आणि तिथे पोचल्यावर कुटुंब एकेका माणसाने कमी होत जातं. एकूण तीस प्रकरणं आहेत. त्यांतल्या चौदा प्रकरणांत जोड आहेत. उरलेल्या सोळांत ते नाहीत. तिथे दुष्काळ आहे, जुन्या गाड्यांचा बाजार आहे, रस्ता आहे, पूर आहे, निनावी माणसं आहेत. एका कुटुंबाची गोष्ट लाखोंची कशी होते, ते या सोळा प्रकरणांचं काम. कंटाळा येतो म्हणून ती गाळून वाचली तर कादंबरी उरते, पण प्रतीकं अर्धी लुळी पडतात. कारण बहुतेक प्रतीकांचा एक पाय जोडांच्या प्रकरणात असतो आणि दुसरा या निनावी प्रकरणात.

आता कासव. प्रकरणाची सुरुवात कासवाने होत नाही, बियांनी होते. रस्त्याच्या कडेला वाळलेलं गवत आहे. त्याच्या बियांना कुसळं आहेत, काटे आहेत, आकडे आहेत. कुत्र्याच्या केसांत, माणसाच्या विजारीच्या काठाला, बाईच्या झग्याच्या घोळाला अडकायचं आणि दूर जायचं, यासाठी त्या तयार होऊन बसल्या आहेत. त्यांना स्वतःला हलता येत नाही, पण हलण्याची साधनं त्यांच्याकडे आहेत. मग कासव येतं. एक लाल मुंगी त्याच्या कवचाखाली शिरते आणि पाय आत ओढले जाताना चिरडते. त्याच वेळी रानटी ओटचं एक कणीस पुढच्या पायाजवळ अडकून राहतं. कासव महत्प्रयासाने बांध चढून डांबरी रस्त्यावर येतं. एक बाई गाडी चालवत येते, कासव दिसताच करकचून गाडी वळवते आणि त्याला वाचवते. पाठोपाठ एक छोटा ट्रक येतो. त्याचा ड्रायव्हर कासव पाहून मुद्दाम त्याच्या अंगावर गाडी घालतो. चाक कवचाच्या कडेला लागतं, कासव गरगरत रस्त्याखाली जाऊन उताणं पडतं. बराच वेळ ते तसंच आत मिटून राहतं. मग पाय हवेत हलतात, एका दगडाचा आधार सापडतो आणि कासव पालथं होतं. त्या झटक्यात कणीस सुटतं, तीन बिया जमिनीत रुततात आणि पुढे सरकणाऱ्या कवचाने त्यांच्यावर माती ओढली जाते.

म्हणजे ट्रकवाल्याने मारलेल्या धक्क्यातूनच पेरणी झाली. कासवाला याचा पत्ता नाही. ‘कासव = चिकाटी’ असं लिहून थांबणाऱ्याला निम्मंच सापडतं. मोठी गोष्ट ही की विस्थापन करणारी ताकद स्वतःच्या नकळत काहीतरी रुजवून जाते. पुढे कॅलिफोर्नियातले मळेवाले मजुरांना या वस्तीतून त्या वस्तीत हाकलत राहतात, आणि प्रत्येक हाकलण्यात ही माणसं एकमेकांना ओळखू लागतात, संप म्हणजे काय ते शिकतात. चौदाव्या प्रकरणात हीच गोष्ट उघड मांडली आहे: ‘माझी जमीन गेली’ हे वाक्य बोलणारी दोन माणसं रस्त्याकडेला भेटली की ‘आपली जमीन गेली’ असं वाक्य तयार होतं, आणि मालकांनी घाबरायचं ते या वाक्याला. तिसऱ्या प्रकरणातल्या तीन बिया आणि चौदाव्यातलं हे वाक्य शेजारी ठेवून वाचावं.

चौथ्या प्रकरणात टॉम जोडला तेच कासव सापडतं. चार वर्षं तुरुंगात काढून तो पॅरोलवर घरी चालला आहे. धाकट्या भावंडांसाठी तो कासव कोटात गुंडाळून घेतो. वाटेत भेटलेला माजी प्रवचनकार जिम केसी म्हणतो, कासवाला कुणी धरून ठेवू शकत नाही, एक ना एक दिवस ते निसटतंच. आपलंही तसंच आहे, असंही तो म्हणतो. सहाव्या प्रकरणात टॉम घरी पोचतो तर घर ओस पडलेलं. तो कासव सोडून देतो आणि ते पुन्हा आपल्या जुन्या दिशेने, नैर्ऋत्येकडे, चालू लागतं. पुढे जोडांचा ट्रक निघतो तो साधारण त्याच बाजूला. इथे स्टाइनबेकमधला निसर्ग-अभ्यासक दिसतो. माँटेरेचा सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स त्याचा जिवलग मित्र होता, आणि माणसांच्या समूहाकडे एका जिवासारखं पाहण्याची सवय त्याला त्या संगतीत लागली. म्हणूनच कासवाचं वर्णन इतकं थंडपणे, हालचाल मोजत केलेलं आहे. कासवाची दया यावी असा एकही शब्द लेखकाने खर्च केलेला नाही.

आता शीर्षकातली द्राक्षं, म्हणजे क्रोधाची द्राक्षं. मूळ उगम बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातला: पृथ्वीवरची द्राक्षं कापून देवाच्या क्रोधाच्या कुंडात टाकली जातात आणि कुंडातून रक्त वाहतं. ज्युलिया वॉर्ड हाऊ हिने १८६१ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ हे गीत लिहिलं. त्यात ही प्रतिमा आली. शीर्षक सुचवलं कॅरल स्टाइनबेकने. स्टाइनबेकला ते इतकं पटलं की पूर्ण गीत पुस्तकात छापा, असा त्याने आग्रह धरला, आणि पहिल्या आवृत्तीच्या आतल्या कव्हरपानांवर ते छापलं गेलं. यामागे हिशेबही होता. पुस्तकाला कम्युनिस्ट प्रचार म्हणतील हे त्याला दिसत होतं. शाळाशाळांतून गायलं जाणारं देशभक्तीचं गाणं दारातच उभं केलं की तो आरोप थोडा बोथट होतो.

कादंबरीच्या आत मात्र द्राक्षं अगदी वेगळ्या चेहऱ्याने येतात. दहाव्या प्रकरणात आजोबा स्वप्न रंगवतात: कॅलिफोर्नियात गेलो की द्राक्षांचा मोठा घड तोडणार, तोंडावर कुस्करणार आणि रस हनुवटीवरून गळू देणार. इथे द्राक्षं म्हणजे निव्वळ चंगळ, भरलेलं पोट, थोडा वात्रटपणा. पण निघायच्या वेळी हेच आजोबा हटून बसतात. त्यांना कॉफीतून गुंगीचं औषध पाजून ट्रकवर चढवावं लागतं, आणि पहिल्याच रात्री ते वाटेत मरतात. केसी म्हणतो की हे घर सोडलं त्याच क्षणी ते गेले होते. म्हणजे द्राक्षांवर पहिला हक्क सांगणारा माणूस एकही द्राक्ष न पाहता गेला.

दुसरा टप्पा अठराव्या प्रकरणात. वाळवंट ओलांडून, टेहाचापीचा घाट चढून ट्रक थांबतो आणि खाली दरी पसरलेली दिसते: द्राक्षमळे, फळबागा, हिरवीगार सपाटी. मुलं हरखून जातात, बाप ‘अरे देवा’ म्हणत पाहत राहतो. आणि त्याच क्षणी आई सांगते की आजी गेली. रात्रभर वाळवंटात मी तिच्या प्रेताशेजारी पडून होते, कारण ट्रक अडवला गेला असता. द्राक्षांचं पहिलं दर्शन आणि आजीचा मृत्यू एकाच पानावर. स्टाइनबेक यावर काही भाष्य करत नाही, करायची गरजही नाही.

तिसरा टप्पा पंचविसाव्या प्रकरणात, आणि हा कळसाचा. सुरुवातीला वसंत ऋतू, बहरलेली झाडं, कलमं करणारे आणि कीड आवरणारे हुशार तंत्रज्ञ. फळं पिकतात, पण भाव इतका पडतो की तोडणीचा खर्च निघत नाही. द्राक्षं खाली गळतात, त्यांची हलक्या दर्जाची वाइन होते. संत्र्यांचे ढीग टाकून त्यांवर रॉकेल फवारलं जातं. बटाटे नदीत ओततात आणि कुणी बाहेर काढू नयेत म्हणून काठावर पहारेकरी बसवतात. डुकरं मारून पुरतात आणि वर चुना टाकतात. उपाशी माणसं हे सगळं कुंपणाबाहेरून पाहतात. प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यात तोडणीला आलेली द्राक्षं माणसांच्या मनात आहेत: क्रोधाची द्राक्षं भरत चालली आहेत, जड होत चालली आहेत.

इथे मराठी वाचकाची एक हमखास गल्लत होऊ शकते. भाव पडल्यावर रस्त्यावर टोमॅटो नाहीतर कांदे ओतणारे शेतकरी आपल्या ओळखीचे आहेत. तिथे फेकणारा हात आणि संतापलेला माणूस एकच असतो. या प्रकरणात तसं नाही. माल नष्ट करणारे आहेत भाव धरून ठेवू पाहणारे मोठे मालक, आणि संताप आहे ज्यांना तो माल खायला मिळाला असता त्यांचा. छोटा बागायतदार कॅनिंगचा कारखाना असलेल्या मोठ्या मालकासमोर कसा बुडतो, तेही याच प्रकरणात आहे. हा फरक लक्षात न घेता वाचलं तर राग कुणाचा आणि कुणावर, हेच उलटं होतं.

क्रोधाचा धागा द्राक्षांइतकाच चेहऱ्यांतूनही विणलेला आहे. पहिल्या प्रकरणात धुळीने मका मेल्यावर पुरुष कुंपणाशी उभे राहतात, आणि बायका गुपचूप त्यांचे चेहरे न्याहाळतात: हा माणूस मोडणार तर नाही? चेहरे कठीण आणि संतप्त होतात तेव्हा बायकांना हायसं वाटतं. एकोणतिसाव्या प्रकरणात, पुरात सगळं गेल्यावर, हेच दृश्य पुन्हा येतं. पुन्हा बायका पाहतात, पुन्हा भीती जाऊन राग येतो, आणि लेखक सांगतो की भीतीचा राग होतोय तोवर माणसं मोडणार नाहीत. पहिल्या वेळी पाणी नव्हतं, दुसऱ्या वेळी पाणी उदंड आहे. दोन्ही वेळा पीक नाही.

धुळीबद्दल एक वास्तवातली गोष्ट. धुळीच्या वादळांचा मुख्य पट्टा पश्चिम ओक्लाहोमा, कॅन्सस आणि टेक्सासचा उत्तर भाग असा होता. सॅलिसॉ राज्याच्या पूर्व टोकाला आहे. तिथल्या खंडकऱ्यांना उठवलं ते वादळांपेक्षा दुष्काळाने, पडलेल्या कापसाने, कर्जाने आणि ट्रॅक्टरने. भूगोलाच्या दृष्टीने ही कादंबरीतली ढिलाई आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण तिचं कारणही दिसतं: सुरुवातीलाच सगळ्यांवर सारखी बसणारी, घराच्या फटीफटीतून शिरणारी धूळ हवी होती.

यंत्रांबाबत सगळ्यात जास्त घाईचे निष्कर्ष काढले जातात. पाचव्या प्रकरणात ट्रॅक्टर येतो. तो विहीर, कुंपण, घर काही पाहत नाही, सरळ रेषेत जातो आणि झोपडीचा कोपरा चिरडून घर पायावरून हलवतो. ड्रायव्हर गॉगल आणि धूळपट्टी लावून बसलेला. त्याला मातीचा वास येत नाही, ती पायाला लागत नाही. तो ओळखीतल्याच माणसाचा मुलगा आहे आणि दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून हे काम करतो. खंडकरी बंदूक काढायची म्हणतो, पण रोखायची कुणावर? ड्रायव्हरला हुकूम बँकेचा, बँकेला हुकूम पूर्वेकडच्यांचा. बँकेला इथे राक्षस म्हटलं आहे, जो नफ्याचा श्वास घेतो आणि तो थांबला तर मरतो. यावरून ‘यंत्र वाईट, माती चांगली’ असं लिहिलं की काम संपलं असं वाटतं.

मग दहाव्या प्रकरणातला ट्रक काय आहे? घर मेलं, शेत मेलं, तेव्हा कुटुंबाची बैठक या ट्रकभोवती भरते. पुरुष उकिडवे बसतात, त्यांच्यामागे बायका-मुलं उभी राहतात. चूल जिथे असते ती जागा आता ट्रकने घेतली आहे. रस्त्यावर सोळा वर्षांचा अल गाडी चालवतो तेव्हा कान इंजिनाच्या आवाजाकडे, डोळा ऑइल आणि तापमानाच्या काट्यांवर, हाताला स्टिअरिंगची थरथर. वाटेत सोबत आलेल्या विल्सन कुटुंबाच्या गाडीचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातं. टॉम आणि अल भंगारवाल्याकडून भाग आणून रस्त्याकडेला ते बसवतात, आणि या दुरुस्तीचं वर्णन एकेका बोल्टसकट येतं. ट्रॅक्टरवाल्याकडे यंत्र आहे पण नातं नाही, अलकडे आहे. स्टाइनबेकचा प्रश्न यंत्र असावं की नसावं हा नाही. ते कुणाच्या ताब्यात आहे आणि चालवणारा त्याच्या किती जवळ आहे, हा आहे.

बायबलचे संदर्भ मराठी वाचकाला जड जातात, कारण ते ऐकत वाढलेले कान आपल्यापैकी बहुतेकांचे नाहीत. त्यासाठी पूर्ण बायबल वाचायची गरज नाही. तीन गोष्टी पुरतात: मोशेने आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढून वचनदत्त देशाकडे नेलं ती, नोहाने जहाज बांधून जीव वाचवले त्या पुराची, आणि येशूच्या बलिदानाची. नुसत्या जुळण्या शोधून मात्र थांबू नये. स्टाइनबेक प्रत्येक कथा जरा वाकडी करून ठेवतो आणि खरा अर्थ त्या वाकडेपणात असतो. वचनदत्त देश मिळतो, पण त्यावर आधीच कुणाचे तरी सातबारा आहेत. नोहा नावाचा थोरला मुलगा आहे, पण तो पूर येण्याच्या कितीतरी आधी, नीडल्सजवळ कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने एकटाच निघून जातो. पूर येतो तेव्हा तारणारा नोहा हजर नाही.

जिम केसीची आद्याक्षरं जे. सी., म्हणजे जीझस ख्राइस्ट, हे प्रत्येक गाइडमध्ये सापडेल. तो टॉमचा आळ स्वतःवर घेऊन तुरुंगात जातो, आणि संपाचं नेतृत्व करताना कुदळीच्या दांड्याने मारला जातो. मरण्याआधी तो मारणाऱ्यांना सांगतो की तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळत नाही. इथवर जुळतं. पण केसीने प्रवचन देणं सोडलं आहे. पाप-पुण्य असं काही नाही, माणसं जे करतात ते करतात, असं तो म्हणतो. त्याला साक्षात्कार होतो तो वाळवंटात नव्हे, तुरुंगात: आंबलेल्या घेवड्याबद्दल एक जण ओरडला तर काही होत नाही, सगळे ओरडले तर दुसरं जेवण मिळतं. म्हणजे बायबलमधला तारणहार वरून येतो, केसीचं तारण आडवं पसरतं, माणसाकडून माणसाकडे. बारा जोड म्हणजे बारा शिष्य, अशी मोजदादही काही जण करतात. कॉनी जावई धरला तर आकडा जुळतो, पण त्यातून काहीच पुढे सरकत नाही. असा जुळलेला आकडा सोडून द्यावा.

आता शेवट, ज्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. तो समजायला दुधाचा धागा मागून धरावा लागतो. रोझ ऑफ शॅरन ही जोडांची गरोदर मुलगी. तिचं नाव बायबलच्या गीतरत्नातून आलं आहे. नवरा कॉनी बेकर्सफील्डजवळच्या झोपडपट्टीतून पळून जातो. ती पुन्हा पुन्हा दूध मागते, दूध नसेल तर बाळ जगणार नाही म्हणते. पीचच्या मळ्यावर धाकटा विनफील्ड फळं खाऊन पोट बिघडून कोसळतो आणि त्यालाही दूध हवं असतं. फळांच्या डोंगरात बसलेली मुलं दुधावाचून झुरतात. तोवर ही मुलगी फक्त आपल्या पोटापुरतं पाहणारी, कुरकुरी, थोडी त्रासदायक अशीच दाखवली आहे, आणि हे मुद्दाम.

पूर चढत असताना, जोड राहत असतात त्या मालगाडीच्या डब्यात, तिला मेलेलं मूल होतं. बाहेर पुरुष रात्रभर मातीचा बांध घालत असतात. एक मोठं झाड उन्मळून त्यावर येतं आणि बांध फुटतो. जॉनकाका ते मूल सफरचंदाच्या खोक्यात ठेवून प्रवाहात सोडतो आणि म्हणतो, खाली जा आणि त्यांना सांग. ही मोशेच्या टोपलीची उलटी बाजू. मोशेला वाचवण्यासाठी पाण्यात सोडलं होतं. आपल्याला कुंतीने पेटीत सोडलेला कर्ण आठवतो. तोही जगावा म्हणूनच सोडलेला. या खोक्यातलं मूल आधीच मेलेलं आहे आणि त्याचं कुजणं हाच निरोप आहे. खोकंही फळाचंच, हे चुकवू नये.

मग एका खळ्यातल्या कोठारात त्यांना एक मुलगा आणि त्याचा उपासमारीने मरणपंथाला लागलेला बाप भेटतो. बापाने सहा दिवस अन्न पोराला दिलं, स्वतः खाल्लं नाही. पोराने पाव चोरून आणला तर तो उलटून पडला. आता पोटात फक्त पातळ काहीतरी टिकेल. तो पोरगा आधी त्यांच्याकडची मळकी गोधडी पुढे करतो. देण्याची सुरुवात त्या बाजूने होते, हे बारकाईने पाहावं. मग आई आणि मुलगी एकमेकींकडे पाहतात, बाकीचे बाहेर जातात आणि रोझ ऑफ शॅरन त्या अनोळखी माणसाला स्तनपान करते. उपाशी बापाला दूध पाजणाऱ्या मुलीची रोमन कथा युरोपीय चित्रकारांनी, रूबेन्सने सुद्धा, वारंवार रंगवली आहे. तिथे तो बाप असतो. इथे तो कुणीच नाही, आणि हाच फरक महत्त्वाचा.

प्रकाशक-संपादक पास्कल कोविची याला हा शेवट घाईचा वाटला. त्या माणसाची ओळख आधी करून द्या, असं त्याचं म्हणणं. जानेवारी १९३९ मधल्या पत्रात स्टाइनबेकने ठाम नकार दिला. तो माणूस अनोळखीच हवा, आणि दूध देण्यात भाकरीचा तुकडा देण्यापेक्षा जास्त भावना नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. माझ्या मते त्याचं बरोबर होतं. ओळख करून दिली असती तर ती नात्यातली मदत झाली असती आणि चौदाव्या प्रकरणातलं ‘आपली’ पुन्हा ‘माझी’कडे सरकलं असतं. मात्र या प्रसंगाला ‘आशेचं प्रतीक’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पूर ओसरलेला नाही, काम नाही, टॉम फरार आहे, हिवाळ्यात मजुरी मिळणार नाही. एका माणसाला एक दिवस मिळाला, इतकंच. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने ऑगस्ट १९३९ मध्ये पुस्तकावर शाळा-ग्रंथालयांत बंदी घातली, त्यात अश्लीलतेचा मुद्दा होता. पण मळेवाल्यांना झोंबलं ते हँडबिलांचं आणि मजुरीचं गणित.

ते गणितही प्रतीकाइतकंच नीट वाचावं. सोळाव्या प्रकरणात कॅलिफोर्नियातून परतणारा एक फाटका माणूस ते समजावतो: मालकाला आठशे माणसं हवीत, तो पाच हजार हँडबिलं छापतो, ती वीस हजार जण वाचतात, दोन-तीन हजार निघतात. मग जो उपाशी पोरांचा बाप सगळ्यात कमी मागेल त्याला काम. पीचच्या मळ्यावर जोडांना पेटीमागे पाच सेंट मिळतात ते संप सुरू असतो म्हणून. संप मोडला की अडीच होतात. हँडबिल हे आमिषाचं प्रतीक आहे असं म्हणता येईल, पण त्याआधी ते छापखान्यातून निघालेलं, मोजता येणारं कागदाचं पान आहे.

स्वतः वाचताना काय करायचं? एक वस्तू निवडा आणि ती ज्या प्रकरणांत येते त्यांचे आकडे वहीत लिहा. प्रत्येक ठिकाणी तीन नोंदी पुरतात: वस्तू कुणाच्या हातात आहे, ती प्रत्यक्षात काय काम करते, आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. ‘ती कशाचं प्रतीक आहे’ हा प्रश्न शेवटच्या नोंदीनंतरच विचारा. एकदाच येणाऱ्या वस्तूवर जड अर्थ लादायच्या आधी शेजारचं निनावी प्रकरण तपासा. बऱ्याचदा तिचा जोडीदार तिथे सापडतो. जोडीदार नसेल आणि वस्तूचं गोष्टीत कामही नसेल, तर तपशील आहे म्हणून सोडून द्या.

सरावासाठी आईची दागिन्यांची पेटी चांगली. दहाव्या प्रकरणात निघायच्या आधी ती एकटी बसून जुनी पत्रं, कात्रणं, फोटो असलेला खोका उघडते, थोडे दागिने बाजूला काढते आणि बाकी सगळं चुलीत घालते. त्यातली सोन्याची कर्णफुलं पुढे सव्विसाव्या प्रकरणात, हातात काही उरलेलं नसताना, ती रोझ ऑफ शॅरनला देते आणि सुईने स्वतः तिचे कान टोचते. नवव्या प्रकरणात निनावी कुटुंबं आपलं सामान विकतात-जाळतात, ते या दोन प्रसंगांच्या शेजारी ठेवून पाहा. दुसरा सोपा धागा कुत्र्याचा: पहिल्याच दिवशी पेट्रोल पंपाजवळ जोडांचा कुत्रा भरधाव गाडीखाली सापडतो. तिसऱ्या प्रकरणातल्या रस्त्यावरही एक गाडी वळली होती आणि एक मुद्दाम अंगावर आली होती. इथली गाडी क्षणभर हळू होते आणि मग वेग वाढवून निघून जाते.